धावणाऱ्याचा भाव

९ फेब्रुवारी २०२५च्या रात्री मी न्यू जर्सीत, एडिसनला आत्याकडे होतो. टीव्हीवर सुपर बोल चालू होता. आत्याने बटाटेवडे तळले होते आणि तिचे यजमान (मी त्यांना काकाच म्हणतो) सोफ्याच्या कडेला बसून, एकही वडा न खाता, पडद्याकडे बघत होते. फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असं हरवलं. काका १९८५ पासून न्यू यॉर्क जायंट्सचे. ईगल्स म्हणजे त्यांच्यासाठी भाऊबंदकीतला शत्रू. त्यात ईगल्सच्या हिरव्या जर्सीत नाचत होता तो सॅक्वॉन बार्कली. त्याच दिवशी तो अठ्ठावीस वर्षांचा झाला होता, आणि वर्षभरापूर्वीपर्यंत तो जायंट्सचा होता.

"बघितलंस?" काका म्हणाले. "रनिंग बॅकवर पैसे घालवू नयेत म्हणणारे कुठे गेले सगळे?"

सगळे म्हणजे मी. दोन वर्षं मी त्यांना आलेख दाखवत होतो.

"काका, आज तो पंचवीस वेळा धावलाय आणि मिळालेत सत्तावन्न यार्ड," मी म्हणालो. खरं होतं, पण त्या क्षणी बोलायला नको होतं. आत्याने वड्यांची ताटली आमच्या मधोमध आणून ठेवली आणि विषय तेवढ्यापुरता थांबला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. नंतरचे काही आठवडे मी या एका प्रश्नाचा इतिहास धुंडाळत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. (नाव फुटबॉल असलं तरी पायाचं काम बेताचंच.) चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक नावाचा सूत्रधार चेंडू हातात घेतो आणि त्याच्यापुढे दोन मार्ग असतात : लांब फेकायचा, किंवा शेजारून पळत येणाऱ्या गड्याच्या हातात द्यायचा. हा गडी म्हणजे रनिंग बॅक. चेंडू पोटाशी धरून तो समोरच्या गर्दीत घुसतो. त्या गर्दीत त्याच्या बाजूचे पाच धिप्पाड लोक सर्वांत पुढे असतात : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. चेंडूला त्यांचा हात क्वचितच लागतो, सेंटरचा तेवढा दर वेळी. समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करणं हे त्यांचं काम. टीव्हीवर आपण बघतो पळणाऱ्याला, आणि वाद सगळा इथूनच सुरू होतो.

पन्नास-साठच्या दशकांत वाद नव्हता. क्लीव्हलंडचा जिम ब्राउन नऊ हंगाम खेळला, त्यातल्या आठ हंगामांत सर्वाधिक यार्ड त्याचेच होते. एकूण १२,३१२ यार्ड, दर धावेला सरासरी ५.२. १९६६च्या उन्हाळ्यात तो लंडनला 'द डर्टी डझन'चं चित्रीकरण करत होता. संघमालक आर्ट मोडेलने सराव शिबिराला न आल्याबद्दल दंडाची धमकी दिली, तेव्हा ब्राउनने तिथूनच निवृत्ती जाहीर केली. वय तीस, नुकताच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. या जागेवर खेळणाऱ्या माणसाने मालकाला स्वतःहून नमस्कार करून निघून जाण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा सर्वांत रुबाबदार. बहुतेकांच्या बाबतीत उलटं घडलं आहे.

पहिली शंका आली ती एका क्वार्टरबॅककडून, आणि अभियंता म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. व्हर्जिल कार्टर व्यावसायिक फुटबॉल खेळता खेळता नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापन शिकत होता. रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकाबरोबर त्याने १९६९च्या हंगामातले आठ हजारांवर प्रयत्न संगणकात भरले आणि मैदानाच्या प्रत्येक टप्प्यावर चेंडू हातात असण्याची किंमत किती गुणांची, हे काढलं. १९७१ साली 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात तो निबंध छापून आला. डकवर्थ-लुईसमुळे आपल्याला ही कल्पना ओळखीची वाटेल : इतकी षटकं, इतके गडी हाती असतील तर किती धावा अपेक्षित धरायच्या, तसंच इतके यार्ड उरले असतील तर किती गुण. आपल्याच गोललाइनीला चिकटून चेंडू मिळाला तर त्याची किंमत शून्याखाली जाते, म्हणजे पुढचे गुण प्रतिस्पर्ध्याचे होण्याचा संभव जास्त, हे त्यात आकड्यांनी दिसलं.

आणि योगायोग बघा. १९७०मध्ये हाच कार्टर सिनसिनाटीला गेला, तेव्हा तिथल्या सहायक प्रशिक्षकाचं नाव होतं बिल वॉल्श. संघाचा तोफेसारखा फेकणारा क्वार्टरबॅक ग्रेग कुक खांद्याच्या दुखापतीने बाहेर होता आणि कार्टरच्या हातात तेवढा जोर नव्हता. म्हणून वॉल्शने आखूड, आडवे, खात्रीचे पास रचले. जे काम धावेने व्हायचं, चार-पाच यार्ड सरकायचं, तेच आता फेकीने होऊ लागलं. पुढे वॉल्शने सॅन फ्रान्सिस्कोत ही पद्धत नेली आणि तीन सुपर बोल जिंकले. मधल्या काळात, १९७८ साली, लीगने नियमही बदलले : पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्के मारायला बंदी आणि पुढच्या फळीला हात पसरून अडवायला परवानगी. फेकणं स्वस्त आणि सुरक्षित झालं. आज धावेच्या एका प्रयत्नामागे सरासरी सव्वाचार यार्डांच्या आसपास मिळतात आणि फेकीच्या प्रयत्नामागे, क्वार्टरबॅक पकडला जाण्याचा तोटा वजा करूनही, सहाच्या आसपास. माझ्या आलेखांचा पाया हाच होता.

काकांना हे मान्य नव्हतं, कारण त्यांच्याकडे आलेखापेक्षा मोठा पुरावा होता : जानेवारी १९९१. बफेलो बिल्सचा संघ त्या वर्षी विजेच्या वेगाने गुण करत होता. जायंट्सचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी, राखीव जेफ हॉस्टेटलर खेळत होता. बिल पार्सेल्सने ठरवलं की चेंडू सोडायचाच नाही. चौतीस वर्षांचा ओटिस अँडरसन एकवीस वेळा गर्दीत घुसला, १०२ यार्ड काढले आणि सामनावीर ठरला. साठ मिनिटांच्या खेळात चाळीस मिनिटांहून अधिक वेळ चेंडू जायंट्सकडे होता. २०-१९. बफेलोच्या स्कॉट नॉरवुडची शेवटची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. काका त्या रात्री क्वीन्समधल्या एका भाड्याच्या खोलीत सहा जणांत बसून सामना बघत होते आणि किक बाहेर गेली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घरमालकाने काठीने छत ठोकलं, असं ते दर वर्षी सांगतात.

पण याच सामन्याची दुसरी बाजू आहे. जायंट्सच्या बचावाचा सूत्रधार तेव्हा बिल बेलिचिक होता. त्याने आपल्या खेळाडूंना सांगितलं की बफेलोच्या थर्मन थॉमसला धावू द्या, शंभर यार्ड काढले तरी चालतील. सगळं बळ फेक अडवायला लावा. थॉमसने पंधरा धावांत १३५ यार्ड काढले, म्हणजे अँडरसनपेक्षा जास्त, आणि त्याचा संघ हरला. बेलिचिकची ती योजना आज कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवली आहे. एकाच मैदानावर एकाने धावून सामना जिंकला आणि दुसऱ्याला धावू देऊन तो हरवला गेला. शिवाय अँडरसन काही महागडा तारा नव्हता. १९८६मध्ये सेंट लुईच्या संघाने संपला म्हणून सोडलेला माणूस होता तो.

"धावणारा संघ जिंकतो" या समजुतीतली गफलतही इथेच आहे. जिंकणारे संघ जास्त धावतात हे खरं, पण आघाडी घेतलेला संघ घड्याळ पळवण्यासाठी शेवटच्या पंधरा मिनिटांत धावत सुटतो. १९९९ पासूनच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद आता फुकट उतरवून घेता येते. एका शनिवारी मी ती उतरवली आणि पहिल्या अर्ध्यापुरती चाळणी लावली. विजय आणि धावा यांचं ते घट्ट नातं माझ्या डोळ्यांसमोर सैल पडलं. मी काही शोध लावला नव्हता, हे लोकांनी कधीच दाखवून ठेवलं आहे. पण स्वतःच्या लॅपटॉपवर दिसलं की माणूस जरा जास्तच बोलायला लागतो.

पैशांचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला १९९४ साली. त्याआधी मालकाच्या खिशात असेल तेवढं तो देऊ शकत होता. १९९३चंच उदाहरण. डॅलसचा एमिट स्मिथ वाढीव करारासाठी अडून बसला, संघ पहिले दोन सामने हरला, मालक जेरी जोन्सने चार वर्षांचे १ कोटी ३६ लाख डॉलर मोजले, स्मिथ परतला आणि डॅलसने सुपर बोल जिंकला. रनिंग बॅकच्या बाजूने याहून चांगला दाखला नाही. (गंमत अशी की हा स्मिथ डॅलसला मिळाला तोही एका रनिंग बॅकच्या सौद्यातून. १९८९मध्ये त्यांनी हर्शल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात पाच खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या निवडींचा ढीग घेतला, त्यात पहिल्या फेरीच्या तीन. मिनेसोटाला वाटलं आपण एका धावणाऱ्यापुरते मागे आहोत.) पुढच्या वर्षी सॅलरी कॅप आली : प्रत्येक संघाला पगारासाठी ३ कोटी ४६ लाख डॉलर, त्यावर एक छदाम नाही. आता एकाला दिलेला डॉलर दुसऱ्याच्या ताटातून जाऊ लागला. 'हा चांगला आहे का?' हा प्रश्न मागे पडला आणि 'याच्याऐवजी कोण?' हा पुढे आला.

त्याचं उत्तर डेन्व्हरने, ठरवून नव्हे, पण प्रयोगशाळेत द्यावं तसं दिलं. १९९५च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर त्यांनी टेरेल डेव्हिस नावाचा मुलगा घेतला. तीन वर्षांनी, १९९८च्या हंगामात, त्याने २,००८ यार्ड काढले आणि संघाने सलग दुसरा सुपर बोल जिंकला. १९९९च्या चौथ्या सामन्यात डेव्हिसचा गुडघा गेला. त्याच्या जागी चौथ्या फेरीतला नवखा ओलँडिस गॅरी आला : १,१५९ यार्ड. मग गॅरी जायबंदी झाला. २०००मध्ये सहाव्या फेरीतला माइक अँडरसन आला, मरीन दलात नोकरी करून आलेला : १,४८७ यार्ड आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान. २००२मध्ये दुसऱ्या फेरीतला क्लिंटन पोर्टिस : १,५०८, त्यानंतरच्या वर्षी १,५९१. माणसं बदलत होती. बदलत नव्हता तो प्रशिक्षक माइक शानाहान, आणि त्याच्या आधाराला अ‍ॅलेक्स गिब्स. गिब्सने पुढच्या फळीला समोरचा ठरावीक माणूस ढकलायला न लावता सगळ्यांनी एका दिशेला सरकत जागा अडवायला शिकवलं. त्याची माणसं त्या काळाच्या मानाने हलकी होती. धावणाऱ्याने फक्त थांबायचं, फट दिसली की एकदा वळायचं आणि जायचं.

२००४मध्ये डेन्व्हरने पोर्टिस वॉशिंग्टनला दिला आणि बदल्यात चँप बेली हा कॉर्नरबॅक घेतला, वर दुसऱ्या फेरीची निवडही. वॉशिंग्टनमध्ये पोर्टिसने त्या वर्षी १,३१५ यार्ड काढले, पण दर धावेची सरासरी साडेपाचवरून पावणेचारच्या जरा वर आली. डेन्व्हरमध्ये रुबेन ड्रॉन्सने १,२४० काढले. बेली पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मी हा तक्ता काकांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा मला वाटलं विषय संपला. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आणि डेव्हिस गेल्यावर यांनी सुपर बोल किती जिंकले?" मी म्हणालो, क्वार्टरबॅक एल्वेही त्याच वर्षी निवृत्त झाला होता. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण किती?" एकही नाही, त्या काळात तरी नाही. डेव्हिस नॉकआउटचे आठ सामने खेळला, सात जिंकला, त्यात १,१४० यार्ड काढले. गॅरी आणि अँडरसनने हजाराचा आकडा गाठला, पण ते डेव्हिस नव्हते. माझ्या तक्त्यात फक्त हंगामाचा स्तंभ होता.

तरीही पैसा कुठे घालावा याचा सर्वांत महागडा धडा मला सिअ‍ॅटलमध्ये सापडतो. २००५च्या हंगामात शॉन अलेक्झांडरने १,८८० यार्ड काढले, २८ टचडाउन केले (तेव्हाचा उच्चांक), लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ सुपर बोलपर्यंत गेला. तो बहुतेक वेळा डावीकडून धावायचा. डावीकडे टॅकलला होता वॉल्टर जोन्स आणि गार्डला स्टीव्ह हचिन्सन. दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मार्च २००६मध्ये अलेक्झांडर आणि हचिन्सन या दोघांचेही करार संपत होते.

सिअ‍ॅटलने अलेक्झांडरला आठ वर्षांचे ६ कोटी २० लाख डॉलर दिले. हचिन्सनवर मात्र काटकसर केली. त्याला 'फ्रँचायझी टॅग' लावून बांधून ठेवण्याऐवजी त्यांनी 'ट्रान्झिशन टॅग' लावला, जो सुमारे सहा लाख डॉलरनी स्वस्त होता. फरक एवढाच, की या स्वस्त टॅगमध्ये दुसऱ्या संघाने बोली लावली तर तितकीच रक्कम देऊन खेळाडू राखता येतो, पण राखला नाही तर भरपाई काहीच नाही. मिनेसोटाने सात वर्षांचे ४ कोटी ९० लाख देऊ केले आणि करारात एक विषाची पुडी ठेवली : हचिन्सन जर आपल्या संघाच्या पुढच्या फळीत सर्वाधिक पगार घेणारा नसेल, तर सगळीच्या सगळी रक्कम हमीची होईल. मिनेसोटात ही अट आपोआप पुरी होत होती. सिअ‍ॅटलमध्ये वॉल्टर जोन्सचा पगार जास्त होता. सिअ‍ॅटल लवादाकडे गेलं आणि हरलं. चिडून त्यांनी मिनेसोटाचा रिसीव्हर नेट बर्लसनला नेमकी सात वर्षांची, नेमकी ४ कोटी ९० लाखांची, तशाच खोडसाळ अटींची बोली लावून पळवलं. सूड म्हणून झकास. गार्ड काही परत आला नाही.

अलेक्झांडर पुढच्या हंगामात पायाचं हाड मोडून काही सामने बाहेर बसला आणि जे खेळला त्यात ८९६ यार्ड, सरासरी ३.६. त्यानंतरच्या वर्षी ७१६. एप्रिल २००८मध्ये, आठ वर्षांच्या करारातली दोनच वर्षं खेळून, त्याला सोडण्यात आलं. तिकडे मिनेसोटाने २००७मध्ये एड्रियन पीटरसनला घेतलं आणि त्या नवख्या पोराने ४ नोव्हेंबरला सॅन डिएगोविरुद्ध एकाच सामन्यात २९६ यार्ड काढले. तो विक्रम अजून उभा आहे. त्याच्यापुढे डावा गार्ड होता हचिन्सन. अलेक्झांडरचं वय आणि मोडलेला पाय हेही कारण होतंच, सगळं श्रेय गार्डला देणं लबाडी होईल. पण त्या सहा लाखांचा विचार मी हिशेबाच्या चुकांची यादी करताना नेहमी पहिला करतो.

यानंतर लीग शहाणी झाली. २०१३ आणि २०१४च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकाही संघाने रनिंग बॅक घेतला नाही. ज्यांनी जुन्या पद्धतीने थैली सोडली ते हसं करून बसले : लॉस एंजेलिस रॅम्सने २०१८मध्ये टॉड गर्लीला चार वर्षांचे ६ कोटी वाढवून दिले, डिसेंबरात त्याचा गुडघा कुरकुरला, दुसऱ्यांनी सोडलेल्या सी. जे. अँडरसनला बोलावलं तर त्याने पहिल्या दोन सामन्यांत १६७ आणि १३२ यार्ड काढले. मार्च २०२०मध्ये गर्ली संघाबाहेर. लेव्हियन बेलने टॅगचे १ कोटी ४५ लाख नाकारून २०१८चा अख्खा हंगाम घरी काढला, आणि पिट्सबर्गमध्ये त्याच्या जागी कर्करोगातून बरा होऊन आलेला, तिसऱ्या फेरीतला जेम्स कॉनर ९७३ यार्ड धावला. २०२२च्या हंगामात कॅन्सस सिटीने सुपर बोल जिंकला तेव्हा त्यांचा रनिंग बॅक आयझाया पचेको सातव्या फेरीतला होता. मी एकेक बातमी काकांना पाठवत होतो.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. २०२३च्या जूनमध्ये आमच्या प्रोजेक्टवरून एका सीनियरला काढलं. पेमेंट्सच्या ज्या भागावर सगळं चालायचं तो त्याने लिहिला होता. मी कामाला लागलो तेव्हा मला शिकवणारा तोच. त्याची बिलिंग जास्त होती, आणि कोड आता 'स्टेबल' झाला होता. केटी घेण्याचं काम माझ्याकडे आलं. तीन आठवडे आम्ही रोज दोन तास कॉलवर बसलो. त्याने काहीही हातचं राखलं नाही. शेवटी मी जो अहवाल पाठवला त्यात एक रकाना होता, 'हा रिसोर्स रिप्लेस करता येईल का?' मी 'होय' लिहिलं. खरंच येणार होतं. त्यानेच मला सगळं शिकवलं होतं ना.

पुढच्याच महिन्यात, १७ जुलै २०२३ला, टॅग लागलेल्या खेळाडूंच्या दीर्घ कराराची मुदत संपली आणि सॅक्वॉन बार्कली, जॉश जेकब्स, टोनी पोलार्ड या तिघांनाही करार मिळाला नाही. त्या आठवड्यात ऑस्टिन एकेलरने लीगमधल्या नामवंत रनिंग बॅकना एका झूम कॉलवर बोलावलं, काय करता येईल हे बघायला. काही करता येण्यासारखं नव्हतं. मी काकांना लिहिलं, "रिप्लेसेबल आहेत, म्हणून." पाठवल्यावर तो शब्द मी आधी कुठे लिहिला होता ते आठवलं.

मग मी यार्ड सोडून नियम वाचले. हे मी आधी करायला हवं होतं. शाळा संपल्यावर तीन वर्षं होईपर्यंत खेळाडूला लीगमध्ये येता येत नाही. ती वर्षं तो कॉलेजसाठी धावतो. २०११च्या करारापासून नवोदितांचा पगार ड्राफ्टच्या क्रमांकावरून ठरतो, मुदत चार वर्षं, आणि पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. तीन हंगाम होईपर्यंत नव्याने बोलणी करायची नाहीत. ते संपलं की टॅग. म्हणजे मोकळ्या बाजारात उभं राहायला सव्विसावं-सत्ताविसावं उजाडतं. क्वार्टरबॅक तेव्हा उमेदीत असतो. रनिंग बॅकच्या गुडघ्यांवर तोवर हजारभर टकरी झालेल्या असतात. ह्यूस्टनचा अर्ल कँपबेल १९८० साली एका हंगामात ३७३ वेळा धावला होता. एकतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला आणि उतारवयात त्याला धड चालणंही कठीण झालं. शिवाय टॅगची रक्कम ठरते त्याच जागेवरच्या सर्वोच्च पगारांवरून. एकाला कमी मिळालं की पुढच्याचा टॅगही उतरतो. २०१७मध्ये बेलचा टॅग १ कोटी २१ लाखांचा होता, २०२३मध्ये बार्कलीचा १ कोटी १ लाखाचा. त्याच सहा वर्षांत सॅलरी कॅप १६ कोटी ७० लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली होती.

रनिंग बॅकवर उधळपट्टी करू नये हे माझं मत यामुळे बदललं नाही. पण त्याचा भाव त्याच्या कामावरून ठरतो असं जे मी धरून चाललो होतो, ते चूक होतं. त्याची उत्तम वर्षं संघाला स्वस्तात मिळण्याची सोय नियमांनी केली आहे, आणि ती वर्षं संपली की 'आकडेवारी सांगते' म्हणून दार लावलं जातं. ती आकडेवारी मी फुकटात वाटत होतो.

आता बार्कली. २०१८मध्ये जायंट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पगार नियमाने ठरलेला, चार वर्षांचे सुमारे ३ कोटी १० लाख. खरा खर्च वेगळा होता : तो क्रमांक. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर जॉश अ‍ॅलन गेला, बत्तिसाव्यावर लमार जॅक्सन, आणि सहाव्यावर क्वेंटन नेल्सन नावाचा गार्ड. बार्कलीने पहिल्याच वर्षी १,३०७ यार्ड काढले आणि जायंट्स पाच सामने जिंकले. पुढच्या वर्षी चार. २०२०च्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा फाटला. काकांनी २६ क्रमांकाची जर्सी पहिल्याच महिन्यात घेतली होती.

मार्च २०२४मध्ये जायंट्सने त्याला जाऊ दिलं. त्या उन्हाळ्यात एका माहितीपट-मालिकेत मालक जॉन मारा व्यवस्थापकाला सांगताना दिसले की सॅक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं अवघड आहे. तो फिलाडेल्फियालाच गेला, तीन वर्षांच्या सुमारे पावणेचार कोटींवर. पहिल्याच हंगामात २,००५ यार्ड. एरिक डिकरसनचा १९८४चा २,१०५चा विक्रम शंभर यार्डांवर असताना शेवटच्या सामन्यात त्याला विश्रांती दिली. नॉकआउट धरून २,५०४, हा मात्र विक्रम.

काकांचा मुद्दा हाच. पण त्याच मार्च महिन्यात ईगल्सने आणखी एक सही केली होती, तिची बातमी कोणी मोठी केली नाही. डावा गार्ड लँडन डिकरसन : चार वर्षांचे ८ कोटी ४० लाख. वर्षाला २ कोटी १० लाख, बार्कलीच्या दीडपटीहून जास्त. पुढच्याच महिन्यात डावा टॅकल जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू, ज्याला त्यांनी २०१८मध्ये सातव्या फेरीत उचलून जेफ स्टाउटलँडच्या हाताखाली अक्षरशः खेळ शिकवला : तीन वर्षांचे ६ कोटी ६० लाख. सिअ‍ॅटलने २००६च्या मार्चमध्ये जे केलं त्याच्या बरोबर उलट. वाट आधी बांधली, मग तिच्यावरून धावणारा आणला, तोही बाजारभाव पडलेला असताना. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तीच वाट आमच्याकडे का नाही बांधली? सहा वर्षं होता पोरगा." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नेल्सन घ्यायला हवा होता, हे २०१८मध्ये त्यांना म्हणण्याइतका मी जायंट्सचा नव्हतो.

आणि तो अंतिम सामना, पंचवीस धावा, सत्तावन्न यार्ड? मी तो पुन्हा पाहिला. चीफ्सने त्याला अडवायला माणसं गोळा केली होती, आणि जेलन हर्ट्सने मोकळ्या झालेल्या मागच्या जागेत चेंडू फेकले. माझ्या हिशेबात तो त्या रात्री तोट्यात होता. ज्या माणसामुळे दुसऱ्यांचं काम सोपं होतं त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे मला अजून नीट जमलेलं नाही.

मार्चमध्ये ईगल्सने बार्कलीचा करार दोन वर्षांनी वाढवला, ४ कोटी १२ लाख. लीगमधला सर्वांत महागडा रनिंग बॅक. अठ्ठावीस वर्षांचा, आणि एका हंगामात नॉकआउट धरून चारशेहून जास्त वेळा धावलेला. बातमी आली त्या संध्याकाळी काकांचा फोन आला.

"काय म्हणतो तुझा लॅपटॉप?"

"महाग आहे, काका. यात पैसे बुडणार."

"बुडू देत," ते म्हणाले. "ईगल्सचेच आहेत ना."

मागून आत्या विचारत होती की ती निळी जर्सी आता जुन्या कपड्यांत द्यायची का. "राहू दे," काका तिला म्हणाले, आणि मला म्हणाले की गटार साफ करताना घालायला बरी आहे.